बार्बाडोसचा अर्धा एकर

माझ्या मुलीच्या लग्नात आमरसाची पंगत चालू असताना आमचे शेतकी अधिकारी वाढप्याच्या मागोमाग चालत होते. पंगतीत बसा म्हणून त्यांना तीनदा सांगून झालं होतं. त्यांनी पातेल्यातला एक थेंब करंगळीवर घेतला, शर्टाच्या खिशातून वीतभर काळी नळी काढली, तिच्या काचेवर तो थेंब ठेवला, वरचं झाकण मिटलं आणि नळी डोळ्याला लावून मांडवाच्या फटीतून येणाऱ्या उन्हाकडे बघितलं. व्याही हातातला घास तसाच धरून वाट बघत राहिले.

"एकवीस पूर्णांक चार," अधिकारी म्हणाले. "बारामती. वरून साखर घातलीय."

"साहेब, अस्सल हापूस आहे," केटरर म्हणाला.

"हापूस असेल की. साखर पण आहे."

त्यानंतर व्याह्यांनी मला आमरसाबद्दल काहीही विचारलं नाही, पण दर उन्हाळ्यात ते एकदा माझ्याकडे बघून हसतात.

ती नळी म्हणजे ब्रिक्स मीटर. उसाच्या रसाचा थेंब टाकून उजेडाकडे बघितलं की रसात गोडी किती उतरली ते आतल्या पट्टीवर दिसतं आणि कुठल्या रानातला ऊस तोडीला आला ते ठरवता येतं. साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात ती प्रत्येकाकडे असते आणि बहुतेकांच्या कपाटात असते. यांची खिशात असे. त्यांनी तिच्यात पपई मोजली, नीरा मोजली, खोकल्याचं औषध मोजलं, सत्यनारायणाचं तीर्थ मोजलं. गळीत हंगामाच्या शुभारंभाला आलेल्या पाहुण्यांचं शहाळं तर पाहुण्यांच्या हातात असतानाच मोजलं.

आकडा सांगितला की पाठोपाठ ठिकाण सांगायचं, हा त्यांचा दंडक होता. अठरा पूर्णांक दोन, सांगवी. सोळा पूर्णांक नऊ, अंथुर्णे. सोळा पूर्णांक नऊला कुणी सतरा म्हटलं की त्यांना अंगावर पाल पडल्यासारखं होई. आणि ठिकाण विसरलं तर ते आकडाच मोडीत काढत. "ठिकाण नसलेला आकडा म्हणजे अफवा," ते म्हणत.

मी कारखान्याच्या कचेरीत होतो. वार्षिक अहवाल लिहिणं, अध्यक्षांची भाषणं लिहिणं आणि त्या भाषणांतली वचनं पुढच्या वर्षीच्या भाषणात जुळवून घेणं, हे माझं काम. त्यामुळे बावीस वर्षांत त्यांनी मला एकदाही नावानं हाक मारली नाही. ते मला 'अहवाल' म्हणत. "काय अहवाल, चहा झाला का?" असं दारातूनच विचारत आणि उत्तर यायच्या आत पुढच्या दारात गेलेले असत.

त्यांच्या खुर्चीच्या गादीवरचं प्लॅस्टिक शेवटपर्यंत निघालं नव्हतं. सह्या उभ्यानं करत, जेवण खिडकीशी करत, एसटीत जागा असली तरी कंडक्टरच्या शेजारी दांडा धरून उभे राहत. मूळ गाव मोरगाव. तिथली त्यांच्या वडिलांची जमीन म्हणजे बाजरी, दगड आणि शेळ्या. पाण्याविना वाढलेला हा माणूस नोकरीला लागला तो कालव्याच्या मुलखात, जिथं लोक जमिनीला पाणी पाजत नव्हते, बुडवत होते. साचलेल्या पाण्याची त्यांना शिसारी होती. "साचलं की नासलं," हे त्यांचं एकमेव तत्त्वज्ञान. ते पाण्याला लागू होतं, कागदांना लागू होतं आणि खुर्चीत बसलेल्या माणसांना तर होतंच होतं.

आता त्यांच्या टिपणाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या टिपणापायी घडलं.

आमच्या कारखान्याच्या हद्दीत सांगवीच्या बाजूला काही रानं पांढरी पडत चालली होती. पाणी जास्त झालं की जमिनीच्या पोटातलं मीठ वर येतं. मग उन्हाळ्यात रानावर दव पडल्यासारखं दिसतं, फक्त ते दव दुपारीही जात नाही. अशा रानात ऊस गुडघ्याएवढा होऊन विचार करत बसतो. साहेबांचं म्हणणं साधं होतं. जमिनीत छातीएवढ्या खोलीवर भोकं पाडलेले पाईप टाकायचे. जास्तीचं पाणी त्यांत झिरपून ओढ्याला जाईल आणि जाताना मीठ घेऊन जाईल. हे त्यांनी सांगवीत स्वतःच्या मेहुण्याच्या अर्ध्या एकरात करून बघितलं होतं, शेजारचा अर्धा एकर तसाच ठेवला होता, आणि दोन्हींचे आकडे चार वर्षं लिहून एक तक्ता केला होता. तक्त्यासकट टिपण चौदा पानांचं. मागणी एवढीच, की कारखान्यानं सभासदांच्या रानात हे पाईप टाकायची योजना घ्यावी.

हे टिपण अध्यक्षांच्या टेबलावर नऊ वर्षं होतं. अध्यक्षांना सगळे आबा म्हणत. आबा वाईट माणूस नव्हते. कागद वाचण्यापेक्षा कागद ठेवून घेण्यात त्यांचा हातखंडा होता, इतकंच. साहेब टिपण पुढे करत आणि आबा प्रेमानं म्हणत, "ठेवा. निवांत वाचतो." नऊ वर्षांत तो निवांतपणा आला नाही. एकदा एक संचालक साहेबांना तोंडावर म्हणाले, "ज्याच्या गावाला प्यायला टँकर येतो, तो आमाला शिकवणार, पाणी काढून टाका म्हणून!" सगळे हसले. साहेबही हसले आणि त्यांनी टिपणाची नवी प्रत काढली.

मेहुणेही टोमणे मारायला कमी करत नसत. "दाजी, जमीन माझी, चर खांदला मी, आन् तक्ता तेवढा तुमचा व्हय?"

"तक्त्यावर तुमचं गाव लिहिलंय की," साहेब म्हणत.

"गावाचं काय करू? गावाला कोण इचारतंय!"

मेहुणे किती खरं बोलत होते हे आम्हाला उमगायला एक समुद्र ओलांडावा लागला.

तर त्या वर्षी संचालक मंडळाचा अभ्यास दौरा ठरला. अभ्यास दौरा म्हणजे काय हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. याआधी संचालकांनी बँकॉकमध्ये जलसंधारणाचा आणि दुबईत फळबागांचा अभ्यास केला होता. या वेळी कुणाच्या तरी भाच्यानं सुचवलं की कॅरिबियन बेटं म्हणजे उसाचं माहेरघर, आणि ती बेटं बघायची तर जहाजानंच. मायामीहून निघायचं, दहा रात्री जहाजावर, रोज-दोन रोजांनी एक बंदर. उसाचं माहेर न्यू गिनीच्या बाजूला आहे असं मी म्हणालो. अहवाल लिहिणाऱ्यानं बोलू नये असा संकेत होता, तो मला पुन्हा एकदा समजावून सांगण्यात आला.

दौऱ्यात शेतकी अधिकारी आणि अहवाललेखक असले की दौरा अभ्यासाचा दिसतो, म्हणून आम्ही दोघं. मला वाटलं साहेब नकार देतील. ते एका पायावर तयार झाले. मी कारण विचारलं.

"दहा दिवस, अहवाल. चारी बाजूंनी पाणी. आबा जातील कुठं?"

व्हिसाच्या मुलाखतीत खिडकीमागच्या बाईंनी त्यांना विचारलं, जहाजावर कशासाठी चाललात? ते म्हणाले, "आमच्या चेअरमनना एक टिपण वाचायला द्यायचंय." व्हिसा मिळाला. त्या खिडकीवर खरं बोलणारा माणूस क्वचित येत असावा. मायामीला जहाजावर चढताना तिथल्या अधिकाऱ्याला मीटर म्हणजे बंदुकीची दुर्बीण वाटली. साहेबांनी त्याच्याच हातातल्या ग्लासातला संत्र्याचा रस मोजून दाखवला. "दहा पूर्णांक आठ. मायामी." अधिकाऱ्यानं स्वतः डोळा लावून खात्री केली आणि सलाम ठोकला.

जहाज म्हणजे आडवी पाडलेली चौदा मजली इमारत. आत जेवण कधी थांबत नव्हतं. पहिल्या दिवशी संकटकाळची कवायत झाली. नारिंगी जाकिटं घातलेले आमचे अकरा संचालक टोप्या सावरत रांगेत उभे राहिले, तेव्हा सहकारी चळवळ प्रथमच एका रंगाची दिसली. संचालकांनी बारामतीहून एक फ्लेक्स करून आणला होता. त्यावर नारळाचं झाड, उसाची मोळी आणि या दोन्हींपेक्षा मोठे आबा होते. वर लिहिलं होतं, 'ऊस उत्पादक कॅरिबियन देशांचा अभ्यास दौरा'. प्रत्येक बंदरावर तो उलगडायचा, मागे उभं राहून फोटो काढायचा, गुंडाळायचा आणि मग बाजार बघायला जायचं.

साहेब फोटोत कधीच सापडले नाहीत. त्यांना जहाजाचा त्रास होत होता. लाटांचा नव्हे, बसलेल्या माणसांचा. डेकवर शेकडो माणसं आरामखुर्च्यांत पसरलेली बघून ते म्हणाले, "एवढी माणसं साचलीत एका जागी. निचरा कसा व्हायचा?" ते दिवसभर डेकला फेऱ्या घालत. बगलेत टिपण, खिशात मीटर. जेवणाच्या दालनातले चौदा गोड पदार्थ त्यांनी मोजले, पण ठिकाण काय सांगावं हे कळेना. जहाज चालतं होतं. शेवटी ते कागदावर नुसतं 'समुद्र' लिहू लागले आणि त्यानं त्यांची बेचैनी आणखी वाढली.

आबांना ते पहिल्याच सकाळी न्याहारीच्या रांगेत भेटले.

"आबा, टिपण."

"अहो साहेब, इडलीच्या ऐवजी हितं काय काय हाय ते तरी बघू द्या. बंदर येतंय न्हवं, सान हुआन? तिथं निवांत वाचतो."

सान हुआनला समुद्राकाठी मोठा किल्ला आहे. आबांनी किल्ला अर्धा चढून घाम पुसला आणि म्हणाले, "पुढच्या बंदरावर." पुढचं बंदर सेंट थॉमस. तिथं घड्याळांची आणि अत्तरांची दुकानं एकाला एक लागून आहेत. एका संचालकानं चार घड्याळं घेतली आणि चारीत वेगवेगळी वेळ दिसते म्हणून तो दिवसभर घासाघीस करत राहिला. आबा अत्तराच्या दुकानात मनगटं हुंगत होते. साहेब दुकानाच्या दारात उभे, बगलेत टिपण. "पुढच्या बंदरावर, साहेब. हितं वासानं डोकं धरलंय." आमच्या तालुक्यात कामं पुढच्या मीटिंगवर टाकतात. इथं मीटिंगला बंदर म्हणत, एवढाच फरक होता.

बार्बाडोसला मात्र साहेब आबांना विसरले. जहाजावरूनच त्यांना लांबवर हिरवा पट्टा दिसला आणि त्यांचा चेहरा माहेरवाशिणीसारखा झाला. फ्लेक्स उलगडायच्या आत त्यांनी मला दंडाला धरून टॅक्सीत घातलं. टॅक्सी चालवणारी बाई साठीची, धिप्पाड, तोंडानं सतत गुणगुणणारी. मी तिला इंग्रजीत सांगितलं, आम्हाला ऊस बघायचाय. तिनं विचारलं, आणि समुद्रकिनारा? मी म्हटलं, नको. तिनं आरशातून आमच्याकडे नीट बघून घेतलं.

ऊस बघितला. तिच्या ओळखीच्या शेतकऱ्यानं एक कांडं मोडून दिलं. "एकोणीस पूर्णांक सहा. बार्बाडोस," साहेब म्हणाले आणि ठिकाण मिळाल्याच्या आनंदात दोनदा म्हणाले. पण खरा प्रकार पुढे घडला. रस्त्यासाठी टेकडी कापलेली होती, तिथं त्यांनी टॅक्सी थांबवली. वर हातभर काळी माती आणि तिच्याखाली पांढरा, भोकाभोकांचा दगड. पोवळ्यांचा खडक. साहेब त्या दगडावर पालथे झोपले, प्यायच्या बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं आणि कान लावला. पाणी दिसेनासं झालं.

"गेलं!" ते ओरडले. "अहवाल, गेलं बघा! सगळं खाली! हितं देवानंच पाईप टाकून दिलाय की वो!"

बाईनं मला विचारलं, "हे डॉक्टर आहेत का?"

"उसाचे," मी म्हटलं.

त्यांनी माझी बाटली घेतली, मग बाईची घेतली. तिन्ही बाटल्या बार्बाडोसच्या पोटात गेल्यावर आम्ही तहानलेले, धुळीनं माखलेले बंदरावर पोचलो तेव्हा जहाजानं भोंगा दिला होता. कठड्यावर सगळे संचालक जमले होते. "साहेब, पळा! ऊस पळून चाललाय!" ते ओरडत होते. आम्ही पळालो. जिन्यावर चढणारे शेवटचे दोघं आम्ही.

शेवटचं बंदर सेंट किट्स. या बेटावरचा साखर कारखाना बंद पडून बरीच वर्षं झालीत. उसाची ने-आण करणारी छोटी आगगाडी मात्र ठेवलीय. ती आता प्रवाशांना बेटाभोवती फिरवते आणि फिरवता फिरवता रमचं सरबत पाजते. आबा या गाडीत बसले होते. मी आणि साहेब समोर. साहेब अर्थात उभे. गाडी चालू झाल्यावर आबांना उतरता येणार नव्हतं, हे साहेबांच्या आणि आबांच्या एकदमच लक्षात आलं.

बाहेर ऊस होता. पण त्याला कुणी वाली नव्हता. गवतासारखा माजलेला, आडवा पडलेला, कुंपणात शिरलेला. मधूनच एखादं धुराडं उभं असे. भोवती कारखाना नाही, नुसतं धुराडं. आबांनी सरबताचा घोट घेतला आणि ते बाहेर बघू लागले. सरबत वाढणारा म्हातारा पूर्वी याच रुळांवरच्या उसाच्या गाड्यांवर होता असं त्यानं सांगितलं.

"इचारा त्याला," आबा मला म्हणाले, "ऊस बंद का केला म्हणावं."

म्हातारा हसला. मी भाषांतर केलं, "आम्ही नाही केला म्हणतो. एक दिवस कळलं की झालाय."

"आन् आदी कुणाला ठावं न्हवतं?"

"होतं म्हणतो. अहवाल आले होते. पुष्कळ."

आबांनी ग्लास खाली ठेवला. मग त्यांनी हात पुढे केला. "आना साहेब ते टिपण. आजच वाचतो. जहाजावर गेलो की पयलं काम ते."

साहेबांनी टिपण दिलं. त्यांच्या बगलेत काही नाही असं मी प्रथमच बघत होतो. परत येताना ते हात कुठं ठेवावा हे न कळून दोन्ही हात हलवत चालत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोहण्याच्या तलावाशेजारच्या एका रिकाम्या आरामखुर्चीवर आम्हाला ते टिपण मिळालं. चौदा पानं, एकही उलटलेलं नाही. पहिल्या पानावर, 'सांगवी येथील' या शब्दांभोवती, ग्लासाच्या बुडाचं गोल ओलं वर्तुळ. शेजारच्या खुर्चीत आबा तोंडावर टोपी घेऊन झोपले होते. चेहरा अगदी निवांत होता.

साहेबांनी वर्तुळावर करंगळी टेकवली. मीटर काढलं. बघितलं. "चोवीस पूर्णांक एक," ते म्हणाले. ठिकाण सांगितलं नाही. मग त्यांनी टिपण उचललं आणि त्या रिकाम्या आरामखुर्चीत बसले. बावीस वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना असं बसलेलं बघत होतो. मला ते बघवेना. मी जहाजाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेलो.

दौऱ्याचा अहवाल मी लिहिला. बहुतेक सगळा मागच्या दौऱ्याचाच होता, मी फक्त खजुराच्या जागी ऊस घातला. पण एक प्रकरण नवं होतं. त्याचं शीर्षक 'बार्बाडोस पद्धत'. तिथला ऊस नैसर्गिक निचऱ्यावर उभा आहे, जमिनीखालचा सच्छिद्र खडक जास्तीचं पाणी वाहून नेतो, हे खरं होतं आणि मी तीन बाटल्यांचा साक्षीदार होतो. त्याच्याखाली मी साहेबांचं टिपण उतरवलं आणि टिपणाखाली तक्ता लावला. तक्त्यावरचं 'सांगवी' एवढं काढलं. दुसरं काही लिहायची गरज नव्हती, मथळा वर होताच.

त्या सुमाराला सभासदांत कुजबुज चालू होती, की दौऱ्यातून आणलं काय? आबांना काहीतरी आणलेलं दाखवायचं होतं. त्यांनी प्रकरणाचं शीर्षक वाचलं आणि त्यांचे डोळे चमकले. नऊ वर्षं रखडलेला विषय संचालक मंडळानं चार मिनिटांत मंजूर केला. आता फक्त सर्वसाधारण सभेची मान्यता राहिली.

सभेच्या आदल्या दिवशी साहेब छापील अहवाल घेऊन माझ्या टेबलापाशी आले.

"हा तक्ता कुठला?"

"तुमचाच."

"मग वर बार्बाडोस का?"

"कारण सांगवी लिहून नऊ वर्षं झाली."

ते येरझाऱ्या घालू लागले. "अहवाल, ही अफवा झाली. छापील अफवा. उद्या मला कुणी इचारलं तर मी खरं सांगणार."

"सांगा," मी म्हटलं. "मग पाईप पुढच्या बंदरावर."

सभेला मंडप भरला होता. व्यासपीठामागे तोच फ्लेक्स लावला होता, एका कोपऱ्याला अजून समुद्राच्या वाळूचे कण होते. आबांनी भाषण केलं. ते मीच लिहिलं होतं, त्यामुळे मला ऐकावं लागलं नाही. निचऱ्याचा विषय निघाला आणि मागच्या रांगेतून अंथुर्ण्याचे तात्या उठले. तात्या म्हणजे सत्तरीचे सभासद. प्रत्येक सभेत एकच प्रश्न विचारत आणि तो नेमका विचारत.

"साहेबांना इचारायचंय," तात्या म्हणाले. "ह्यो जो तक्ता छापलाय, पाईप टाकलेल्या रानाचा, ह्यो तितलाच हाय का? का आन् कुटला?"

दुसऱ्या रांगेत साहेबांचे मेहुणे बसले होते. त्यांनी तंबाखू मळायची थांबवली. आबा साहेबांकडे बघत होते, कारण त्यांनाही उत्तर माहीत नव्हतं. साहेब माईकपाशी गेले. मला त्यांचा हात दिसत होता. तो खिशाकडे गेला, मीटरला लागला आणि तसाच परत आला.

"व्हय," ते म्हणाले. "तितलाच."

तात्या क्षणभर उभे राहिले. "बरं," म्हणाले आणि बसले. टाळ्या पडल्या, विषय मंजूर झाला. बाहेर पडताना मेहुण्यांनी साहेबांना गाठलं. "दाजी, माझा अर्धा एकर परदेशात कवा गेला वो? मला सांगून तरी न्यायचा."

साहेब खाली वाकून चपला शोधू लागले. त्या दिवसापासून त्यांच्या खिशात मीटर दिसलं नाही.

पाईप पडले. दोन पावसाळ्यांत सांगवीकडची रानं पुन्हा काळी दिसू लागली. लोक त्या पाईपांना कॅरिबियन म्हणू लागले. "आमच्यात औंदा कॅरिबियन टाकलंय." "तुमचं कॅरिबियन तुंबलं काय वो?" एका ठेकेदारानं तर गाडीवरच लिहून घेतलं, 'येथे कॅरिबियन टाकून मिळेल'.

साहेब निवृत्त झाले आणि त्यांनी एक नवाच उद्योग सुरू केला. ज्या ज्या रानात पाईप पडले तिथं मोपेडवर जायचं आणि मालकाला खरं सांगायचं. मला फोन करून ते हिशेब देत, "आज तीन घरं झाली." मी पुढच्या वार्षिक अहवालाच्या शेवटच्या पानावर बारीक टाइपात दुरुस्ती छापली. ती कुणी वाचली नाही, त्यामुळे त्यांचं समाधान झालं नाही. एकदा मी त्यांच्याबरोबर सांगवीला गेलो होतो. रानात एक बाई ऊस बांधत होत्या. साहेबांनी मोपेड चालूच ठेवून सगळं सांगितलं. तक्ता इथलाच, बार्बाडोसचा नाही, शेजारच्याच शिवारातल्या अर्ध्या एकराचा. बाई पदर तोंडाला लावून हसल्या.

"साहेब, तुमी लय साधं मानूस. एवढ्या लांब जाऊन शिकून आला आन् गावाचं नाव पुढं करताय. आवो, गावात असलं काय निघत असतंय व्हय?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी ओढ्याकडे बघितलं. पाईपाच्या तोंडातून पाणी बारीक धारेनं पडत होतं.

सगळी घरं झाली, एक राहिलं. तात्यांचं. प्रश्न त्यांनी विचारला होता, म्हणून खोटं त्यांनाच बोललं गेलं होतं. साहेब दोनदा अंथुर्ण्याला गेले आणि वेशीवरून परत आले. तिसऱ्यांदा त्यांनी मला बरोबर घेतलं.

तात्या अंगणात बाजेवर बसले होते. "या या. बसा."

"बसत न्हाय," साहेब म्हणाले. "तात्या, त्या सभेत तुमी तक्ता इचारला. मी तितला म्हणालो. तो सांगवीचा हुता. मी खोटं बोललो."

तात्यांनी सुनेला चहाची खूण केली. "मला ठावं हुतं की."

"कसं?"

"आवो, तुमी आकड्याशिवाय कधी बोललाय का? गोडी सांगायची, गाव सांगायचं, आन् मग मानसाकडं बघायचं. त्या दिशी नुसतं 'व्हय' म्हणला. आन् माझ्याकडं बघितलं न्हाय."

"मग तितंच उठून बोलायचं न्हाय का, तात्या?"

"बोललो असतो. पर पाईप पायजे हुता ना, साहेब. मंडपात निम्म्या लोकांना ठावं हुतं. तुमचा मेहुना का तंबाखू मळायचा थांबला? सांगवी म्हणला असता तर आबांनी आजून नऊ वरसं निवांत वाचलं असतं."

साहेब उभे होते. मग मोपेडची किल्ली त्यांनी खिशात टाकली आणि बाजेच्या कडेला बसले. पूर्ण बसले, मागच्या भिंतीला पाठ टेकून. कोपऱ्यात एक शेरडू होतं, ते त्यांच्या पायाशी येऊन उभं राहिलं.

चहा आला. कप हातात घेतल्यावर साहेबांनी पँटच्या खिशात हात घातला. रुमालात गुंडाळलेली ती काळी नळी बाहेर आली. एवढी वर्षं ती त्यांच्याजवळच होती तर. त्यांनी काच रुमालानं पुसली, करंगळीनं चहाचा थेंब ठेवला, झाकण मिटलं आणि उन्हाकडे बघितलं. नळी खाली घेतली, काच पुन्हा पुसली, पुन्हा बघितलं.

"तात्या, ह्यात साखरच न्हाय."

"डाक्टरनं बंद केलीय," तात्या म्हणाले. "चार एकर ऊस हाय, आन् बिनसाखरंचा चहा पितोय."

साहेब हसले नाहीत. त्यांनी तिसऱ्यांदा डोळा लावला, कारण नुसत्या दुधाचा, एवढ्या खालचा आकडा त्या पट्टीवर त्यांनी आजवर वाचला नव्हता.

"तीन पूर्णांक दोन," ते म्हणाले. मग मीटर शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं आणि माझ्याकडे वळले. "लिहून घ्या, अहवाल. अंथुर्णे."